देव यायचा कुठं?

"गुरुजी, पंढरपूरला किती खेपा केल्या त्याचा हिशेब न्हाई. पर आषाढीला देवळाची पायरी कधी चढलो न्हाई. मग माझी वारी झाली म्हनायची का न्हाई?"

आबा पंचाऐंशीच्या घरात आहेत. आमच्या कुर्डुवाडीच्या लहान गाडीवर, म्हणजे बार्शी लाइटवर, ते फायरमन होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्या गाडीवरच्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो. कोळसा, पाणी, पगार असे प्रश्न मी वहीत लिहून नेले होते. हा प्रश्न वहीत नव्हता.

गाडीची हकिकत कागदावर नीट आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रूळ टाकले. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली. १९५४ साली कंपनीकडून ती सरकारकडे आली. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, असा सगळा हिशेब कॅल्थ्रॉपने बसवला होता. आज त्या वाटेवर ब्रॉडगेज धावते.

आबांची हकिकत मात्र त्यांच्याजवळच आहे. आषाढीला गाडी खच्चून भरायची. डब्यांत विठ्ठलाचा गजर चालायचा आणि इंजिनावर आबांचा बेलचा. पंढरपूरला माणसं उतरली, की इंजिनात पाणी भरायचं आणि लगेच उलटं फिरायचं, कारण कुर्डुवाडीच्या फलाटावर पुढची गर्दी खोळंबलेली. देवळाच्या दिशेला हात जोडायचे, तेही काजळीचे.

एकदा वाटेवरच्या मोडनिंबच्या अलीकडे पावसानं गाडी अडली, तेव्हा वारकऱ्यांनी रुळाकडेलाच पहाटेपर्यंत भजन केलं, असं त्यांनी सांगितलं. साल कोणतं? "बहात्तरचं." ते तर दुष्काळाचं साल. मी तसं म्हणालो, तर आबा शांतपणे म्हणाले, "म्हनून तर ध्यानात ऱ्हायला की पाऊस."

अशा आठवणीवर किती विसंबायचं? आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, स्मृतीला प्रमाण ज्ञानात बसवलं नाही. जुन्या संस्कारातून उठते ती स्मृती. ताजा आणि यथार्थ अनुभव तेवढा प्रमाण. पण त्याच नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं, फक्त सांगणारा आप्त हवा, जसं आहे तसं सांगणारा हवा. आबा माझ्यासमोर बसतात तेव्हा ही दोन्ही मतं एकाच खाटेवर बसलेली असतात. त्यांच्या बाजूने ती स्मृती आहे, माझ्या बाजूने शब्द. साल चुकलं असेल. मी आबांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं आणि साल जुळत नाही हे शेजारी लिहिलं. चुकीचं साल दुरुस्त करता येतं. पण त्या रात्री हा माणूस भजन ऐकत, वाफ उतरू नये म्हणून भट्टीपाशी उभा होता, हे दुसरं कोण सांगणार?

वारीच्या प्रश्नावर मी त्यांना संत सावता माळ्याची आठवण करून दिली. त्यांचं अरण गाव मोडनिंबपासून जवळच. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, अशी आमच्या भागाची श्रद्धा आहे. पुंडलिकाने तर आईबापांची सेवा चालली होती म्हणून देवाला विटेवर उभं ठेवलं. म्हणजे हातातलं काम न सोडणाऱ्याला विठ्ठल परका मानत नाही. मी म्हणालो, "आबा, तुमची वारी भट्टीपुढं झाली."

आबांनी मान हलवली. "सावतोबाचा मळा तरी जागेवर व्हता, गुरुजी. माझं इंजिन भंगारात गेलं, रूळ उखडलं. देव यायचा कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उतारवयातल्या कुणाकडून एवढा दुखावणारा प्रश्न मी ऐकला नव्हता. ज्याचं कर्म हीच पूजा, त्याचं कर्मस्थान मोडलं तर पूजा कुठे राहिली? गीतेत सांगितलेली निष्काम वृत्ती मी आयुष्यभर मुलांना शिकवली, पण फळाची आशा सोडणं वेगळं आणि जागेची खूणही न उरणं वेगळं, हे त्या दिवशी कळलं.

जुनी इंजिनं रंगवून चौथऱ्यावर ठेवतात, खाली बनावटीचं साल आणि वजन लिहितात. ते हवंच. माझं मागणं एवढंच, की त्या चौथऱ्यापाशी आबांचा आवाजही ऐकू यावा: बेलचा कसा धरायचा, वाफ कशी राखायची, काजळीचे हात कुठल्या दिशेला जोडायचे. लोखंडाला तेवढा आवाज मिळाला, की ती जागा पुन्हा कुणाचीतरी होते.

मागच्या आठवड्यात मी आबांना त्यांचंच बोलणं ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं, मोडनिंबचा पाऊस आला तेव्हा बोटांनी खाटेवर टाळाचा ठेका धरला. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हे. कुनी आलंच विचारत, तर ठिकाना असावा."