आठवा सर्व्हर कुणाचा?

थोडी सवड काढा. मे महिन्यात ब्रह्मपुरीत दुपारी बाराच्या पुढे तसंही कुणी बाहेर पडत नाही. पारा ४५च्या आसपास, कूलर भरलेला, दार लोटलेलं. पुण्या-नागपूरच्या कंपनीचं काम घरी बसून करणाऱ्याला मननासाठी यापेक्षा बरी वेळ मिळायची नाही. डोळे मिटू नका, श्वासही मोजू नका. लॅपटॉप उघडाच असू द्या. त्यावर सहकाऱ्याची पुल रिक्वेस्ट आलेली आहे, कोडच्या दोन-तीनशे ओळी बदलल्या आहेत आणि मंजुरीचं बटण हिरवं दिसतं आहे. ते अजून दाबायचं नाही. हात मांडीवर ठेवा आणि एवढाच प्रश्न मनात येऊ द्या : हे कुणाचं?

उत्तर लगेच येईल, ‘टीमचं’. ते परत पाठवा. टीम म्हणजे रोज स्टँडअपला दिसणारे आठ-दहा चेहरे. त्यांतला नेमका कोण? ज्याने लिहिलं तो? तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्रोजेक्टवर जाईल. मॅनेजर? त्यांनी कोड उघडून वर्ष झालं असेल. घाई करू नका. उत्तर सापडत नाही, हे नीट जाणवू द्या.

आपल्यापैकी कित्येकांनी सी भाषा गिरवली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून. तेव्हा प्रोग्राम आपला असायचा. आपण लिहिला, आपण चालवला, सेमीकोलन राहिला तर डोकंही आपणच फोडून घेतलं. नोकरीत हाती येतो तो दहा वर्षांपूर्वीचा कोड, आणि तो लिहिणारे निम्मे लोक कंपनी सोडून गेलेले. तिथे एकट्याची हुशारी फार पुरत नाही.

आता मन जरा लांब न्या. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतलं जर्सी सिटी. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातली मोठी कंपनी. तिच्या ऑर्डरी पाठवणाऱ्या प्रणालीत नवा कोड घालायचा होता. सर्व्हर आठ. सातांवर तो गेला, आठव्यावर टाकायचा राहिला. काम करणारा माणूस एकच होता. त्याच्या मागून दुसऱ्याने पाहावं असा लेखी नियम नव्हता, आणि दुसऱ्या कुणी पाहिलंही नाही.

इथे थांबा. त्या माणसाला दोष देण्याची इच्छा होईल, ती जाऊ द्या. आठातलं एक राहून जाणं ही कुणाच्याही हातून होणारी गोष्ट आहे.

आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. २००३मध्येच त्याचा वापर बंद झालेला, पण तो काढून टाकणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. मधे २००५मध्ये, किती शेअर झाले ते मोजून थांबायला सांगणारा भाग दुसरीकडे हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग नीट थांबतो का, हे कुणी तपासलं नाही. वापरातच नसलेलं कोण तपासतो? आणि २०१२च्या नव्या कोडने नेमका पॉवर पेग सुरू करणारा जुना फ्लॅगच पुन्हा वापरायला घेतला.

सकाळी आठच्या सुमारास यंत्रणेतून आपोआप ई-मेल निघू लागले. त्यांत पॉवर पेगचं नाव घालून चूक नोंदवलेली होती. साडेनऊला बाजार उघडेपर्यंत असे ९७ ई-मेल कंपनीतल्या लोकांच्या एका गटाला गेले. या आकड्यापाशी बसा, मला तरी तो साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. सत्त्याण्णव वेळा निरोप आला. गटातल्या प्रत्येकाला वाटलं असेल, दुसरा कुणी बघत असेल.

बाजार उघडला. ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. धावपळीत लोकांनी नवा कोड काढला तोही बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरांवरून. म्हणजे आता आठही ठिकाणी जुनं भूत जागं झालं.

तिथून परत या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी ते बांधले. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, बीळ पडलं की कोण बुजवणार, गाळ कधी उपसायचा, कुणाच्या बांधीला आधी पाणी, हे गावात ठरलेलं असे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्याबरोबर पाळीवरून फेरी मारणारा माणूसही गेला. पाणी सगळ्यांना हवं होतं, गाळ मात्र कुणाचाच राहिला नाही. तो काही एका पावसाळ्यात भरला नव्हता. तुमच्या प्रोजेक्टमध्येही ‘नंतर करू’ असं लिहिलेल्या ओळी असतील. शोधून पाहा, त्यांच्यापुढे नाव आणि तारीख कितींना आहे.

आयबीएममधल्या मायकेल फॅगन यांनी १९७६मध्ये कोड तपासण्याची एक रीत मांडली. सगळ्यांनी मिळून वाचायचं, पण प्रत्येकाची भूमिका आधीच ठरलेली : एक बैठक चालवणारा, एक आराखडा करणारा, एक कोड लिहिणारा, एक चाचणी घेणारा. आज ती रीत जड वाटते, बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. मला तिच्यातलं एवढंच मोलाचं वाटतं, की नुसतं हजर राहून तिथे कुणाचं भागत नसे.

आता समोरच्या रिक्वेस्टकडे वळा. पहिली फाइल उघडा, सावकाश खाली या. हे रात्री दोनला मोडलं तर फोन कुणाला जाईल? या बदलाने जो जुना भाग निरुपयोगी झाला, तो कोण काढणार आहे? टेस्ट नापास झाली तर निरोप एका माणसाकडे जातो की ग्रुपवर पडतो? एखादी ओळ कळली नसेल तर तिच्याखाली तसं लिहा, ‘हे मला समजलं नाही, जरा सांगाल का?’ पुण्याच्या मीटिंगमध्ये असं विचारायला आपल्याकडच्या मुलामुलींना संकोच वाटतो, आपली बोली ऐकून कुणी हसेल असंही वाटतं. तरी विचारा. न कळता दाबलेलं हिरवं बटण म्हणजे अठ्ठ्याण्णवावा ई-मेल.

मग खुशाल मंजुरी द्या. त्याआधी वरच्या प्रत्येक प्रश्नापुढे एकेक नाव लिहा. ग्रुपचं नको, माणसाचं. आणि त्याला विचारून लिहा. कुणाचंच सुचत नसेल तर आजच्यापुरतं तुमचं.