अडखळता ठोका

१९०७ च्या उन्हाळ्यात संगीतकार गुस्ताव माहलर यांची थोरली लेक गेली. काही दिवसांतच डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या हृदयाची झडप सदोष आहे. डोंगर तुडवणारा, तळ्यात मनसोक्त पोहणारा हा माणूस आता पावलं मोजत चालू लागला.

दोन वर्षांनी त्यांनी नववी सिंफनी लिहिली. सुरुवातीलाच चेलो आणि हॉर्न एकच सूर वाजवतात, अडखळत, थबकत. वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांना त्यात माहलर यांच्या हृदयाचे अनियमित ठोके जाणवले. १९११ मध्ये माहलर गेले. वाद्यवृंदातून ही रचना ऐकणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

आज क्षणभर छातीवर हात ठेवा. जो ठोका आपण गृहीत धरतो, त्याच्या अडखळण्यालाही कुणीतरी सूर दिला होता.