हंगाम आणि मुदत

सरकारने दिलेले वचन एक तर पाळले जाते, नाही तर मोडले जाते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि क्वेबेकमधील लावाल विद्यापीठाचे जे अभ्यासक कॅनडातील सत्ताधाऱ्यांच्या निवडणूक-वचनांची वही गेली काही वर्षे नेमाने ठेवीत आले आहेत, त्यांचीही मांडणी पूर्ण, अंशतः पूर्ण आणि मोडलेले अशा रकान्यांतच होते. परंतु बेकारीच्या विम्यात हंगामी कामगारांना न्याय मिळेल अशी सुधारणा करू, असे जे आश्वासन त्या देशात वर्षानुवर्षे दिले जात आहे, ते कोणत्या रकान्यात घालावे हे मला तरी सांगता येणार नाही. ते पाळलेले नाही, मोडलेले तर नाहीच नाही. दर वेळी ते फक्त पुढच्या एखाद्या ऑक्टोबरावर ढकललेले आहे.

ज्यांच्यासाठी हे आश्वासन आहे ती माणसे मुख्यतः अटलांटिकच्या बाजूने राहतात. न्यू ब्रन्सविकचा अकादियन द्वीपकल्प, क्वेबेकमधील गास्पे आणि कोत-नॉर, प्रिन्स एडवर्ड बेट, न्यूफाउंडलंड या मुलखांत वसंतात बर्फ वितळले की शेवंडी आणि खेकडे पकडण्यासाठी होड्या बाहेर पडतात, मासळीच्या कारखान्यांत बायकांचे हात पाळ्यांमागून पाळ्या चालू लागतात, उन्हाळ्यात प्रवासी येतात आणि खानावळी गजबजतात. पुढे शरद ऋतू सरू लागला की समुद्र, कारखाना आणि खानावळ ही तिन्ही दारे जवळजवळ एकदमच मिटतात. मग विम्याच्या भत्त्यावर, म्हणजे मजुरीच्या सुमारे 55 टक्के रकमेवर, हिवाळा काढावयाचा. हा भत्ता किती आठवडे मिळावा आणि त्यासाठी आधी किती तास भरलेले असावेत, हे मात्र कामगाराच्या गावावरून ठरत नाही. ते गाव ज्या इलाख्यात मोडते त्या संपूर्ण इलाख्यातील बेकारीच्या प्रमाणावरून ठरते. देशाचे असे 62 इलाखे पाडलेले आहेत. बेकारी 13 टक्क्यांहून अधिक असेल तर 420 तास पुरतात, 6 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर 700 लागतात. आणि अटीचे तास जसे वाढतात तसे भत्त्याचे आठवडे घटतात. इलाख्यातील एखाद्या मोठ्या गावात बारमाही नोकऱ्या वाढल्या की दूरच्या बंदरातील कामगाराचा हिवाळा लांबतो, मग त्या नोकऱ्यांचा वाराही त्याच्या घराला लागलेला नसला तरी. भत्ता संपला आहे आणि हंगाम उघडलेला नाही, अशा त्या मधल्या आठवड्यांना तेथील फ्रेंच भाषक ‘काळे विवर’ म्हणतात.

या दैन्याचे मूळ केवळ अधिकाऱ्यांच्या अनास्थेत शोधणे मला उथळपणाचे वाटते. विमा ही अनिश्चिताची व्यवस्था आहे. घराला आग लागेल की नाही हे ठाऊक नसते म्हणून तर आपण हप्ता भरतो. हिवाळा मात्र ठरल्याप्रमाणे येतो, आणि जे येणारच आहे त्याचा विमा कसा उतरवावा, हा प्रश्न या कायद्याच्या पाळण्यातच त्याच्या शेजारी निजलेला होता. 1935 चा पहिला कायदा प्रिव्ही कौन्सिलने 1937 मध्ये रद्दबातल ठरविल्यावर, राज्यघटनेत दुरुस्ती करून 1940 साली जो नवा कायदा करण्यात आला, त्याने शेती, मासेमारी आणि जंगलतोड हे धंदे कक्षेबाहेर ठेवले होते. न्यूफाउंडलंडमधून निवडून आलेले मंत्री जॅक पिकर्सगिल यांच्या आग्रहाने 1957 पासून मच्छीमार आत आले, आणि त्यांच्याबरोबर विम्याच्या घरात उपजीविकेचे साहाय्य नावाचा एक निराळाच पाहुणा कायमचा राहावयास आला. या पाहुण्याला वेगळे बिऱ्हाड करून द्यावे, अशा आशयाची शिफारस 1986 साली फॉर्जे आयोगाने केली. ती दप्तरात राहिली. (आपल्याकडे हा पेच याहून सोप्या रीतीने सोडविलेला आहे. ज्या कायद्याच्या आधाराने 2005 पासून बेकारभत्ताही मिळू लागला, त्या 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने हंगामी कारखाने मुळातच वगळले, त्यांच्या व्याख्येत जिनिंग-प्रेसिंगबरोबर साखर आणि गूळही बसविले, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो अपवाद कायम ठेवला. वचनच न देणाऱ्याला वचनभंगाचा दोष लागत नाही.)

कॅनडात मात्र दोष लागतो, आणि तो मतपेटीत लागतो. 1996 साली कायद्याचे नाव बदलून ‘रोजगार विमा’ झाले, आठवड्यांच्या जागी तास मोजले जाऊ लागले आणि वारंवार भत्ता घेणाऱ्याचा दर उतरविणारे एक कलम घालण्यात आले. पुढच्याच वर्षी, ज्यांच्या मंत्रिपदाच्या कारकिर्दीत हा कायदा संमत झाला ते डग यंग अकादी-बाथर्स्ट मतदारसंघात इव्हाँ गोदँ यांच्याकडून पराभूत झाले. 2001 पर्यंत ते कलम गेले. 2012 साली दुसऱ्या पक्षाच्या सरकारने वारंवार भत्ता घेणाऱ्यावर पूर्वीच्या मजुरीच्या 70 टक्क्यांवरही काम पत्करण्याची सक्ती आणली; 2016 मध्ये तीही गेली. कठोर होण्याची किंमत अशी दोनदा मोजून झाल्यावर राज्यकर्त्यांना जी तिसरी वाट सापडली, तिचे नाव मुदतवाढ.

ऑगस्ट 2018 मध्ये 13 इलाख्यांतील हंगामी कामगारांना जास्तीत जास्त 5 आठवडे अधिक देण्याचा प्रयोग सुरू झाला. पाच वर्षांत किमान तीनदा आणि त्यातून दोनदा तरी वर्षाच्या त्याच सुमारास भत्ता घेतलेला असावा, अशी त्याची अट होती, आणि ती वाजवी होती. प्रयोग दोन वर्षांचा होता. डिसेंबर 2021 मध्ये पंतप्रधान ट्रूडो यांनी रोजगारमंत्री कार्ला क्वाल्ट्रो यांना दिलेल्या आज्ञापत्रात, संपूर्ण विम्याच्या आधुनिकीकरणाची योजना 2022 च्या उन्हाळ्यापर्यंत मांडून तिची अंमलबजावणी सुरू करावी असे लिहिले होते. त्यासाठी कामगारांच्या, मालकांच्या आणि जाणकारांच्या सल्लामसलतीच्या दोन फेऱ्याही झाल्या. उन्हाळा आला आणि गेला. ते 5 आठवडे मात्र 2021 च्या अंदाजपत्रकाने ऑक्टोबर 2022 पर्यंत, 2022 च्या अंदाजपत्रकाने ऑक्टोबर 2023 पर्यंत आणि 2023 च्या अंदाजपत्रकाने ऑक्टोबर 2024 पर्यंत लांबविले. मध्यंतरी एका वर्षापुरते आणखी 4 आठवडे देण्यात आले आणि ते वर्षाबरोबर संपले.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते 5 आठवडे खरे आहेत आणि त्यांवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या आहेत. माझा आक्षेप निराळा आहे. तरतूद कायमची करावयाची तर संसदेत उभे राहून हे सांगावे लागेल की किनाऱ्यावरील हिवाळा ही आपत्ती नसून त्या धंद्याच्या खर्चाचाच एक भाग आहे, आणि ज्यांना शेवंडीची निर्यात हवी आहे व किनारा वसलेलाही हवा आहे त्यांनी तो खर्च उचलला पाहिजे. ते सांगण्याचे टाळावयाचे, म्हणून मग प्रयोग. हंगामी असतो तो धंदा, माणूस नव्हे, असे तेथील कामगार सांगत आले आहेत. सरकारने त्यावर उपाय काढला तो असा की कायदाच हंगामी करून टाकला. ज्याला निश्चित येणाऱ्या हिवाळ्याला तोंड द्यावयाचे आहे, त्याच्या हाती अनिश्चित तरतूद द्यावयाची, हे विम्याच्या तत्त्वाचे अगदी उलटे टोक झाले.

2024 च्या अंदाजपत्रकाने ही मुदत ऑक्टोबर 2026 पर्यंत नेली. गास्पेच्या किनाऱ्यावर त्या सुमारास होड्या ओढून घेण्याची वेळ झालेली असते.