"शुद्धीवर नव्हतो" ही सबब

तारापूरच्या कारखान्यांतून पाळी सुटते. एखादा कामगार बोईसरच्या गुत्त्यावर थांबतो, घरी जाऊन बायकोला मारतो आणि सकाळी म्हणतो, "मी शुद्धीवर नव्हतो." ही सबब कायदा मानतो काय? मानीत नाही. १८६० ची भारतीय दंड संहिता हेच सांगत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २३ हेच सांगते. नशा नकळत वा जबरीने दिलेली असेल, तरच सूट मिळू शकते. स्वखुशीने पिणाऱ्याची जबाबदारी पेला उचलतानाच सुरू होते.

पण कायदा मार पडल्यावर येतो. शिक्षा झाली तरी त्या माऊलीच्या पाठीवरचे वळ मिटत नाहीत. पाचवे शील पहिल्या पेल्याआधीच हात धरते. कारण मद्य हे प्रमादाचे मूळ आहे. बंधूंनो, बावीस प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा आधी आपल्या घरात पाळायची आहे.