आजारी लेकरू : ना शिक्षा, ना आईचा दोष



प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एकदा वाळवंटातील एक अरब आला. माझ्या पत्नीने काळ्या वर्णाच्या मुलाला जन्म दिला आहे, असे त्याने सांगितले. शब्द साधे होते, परंतु त्यामागे पत्नीविषयीचा संशय होता. प्रेषित (स.) त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या उंटांचा रंग विचारला. उंट तांबडे होते. त्यांत एखादा राखी रंगाचा आहे काय, असे विचारताच तो हो म्हणाला. मग तो रंग कोठून आला, या प्रश्नावर त्या माणसाने स्वतःच उत्तर दिले की, मागच्या एखाद्या पिढीतून आला असावा. प्रेषितांनी (स.) त्याला समजाविले की, तुझ्या मुलाच्या बाबतीतही असेच असू शकेल. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आलेला आहे.

जे पिढ्यांतून चालत येते, त्याचा दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारू नये, हा बोध ज्या घरात थॅलेसेमियाचे मूल आहे, त्या घराने विशेष लक्षात ठेवावा.

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिन कसे तयार करावे याची सूचना मुलाला माता व पिता या दोघांकडून मिळते. एकाकडूनच सदोष सूचना आली, तर मूल केवळ वाहक असते. यालाच थॅलेसेमिया मायनर म्हणतात. असा मनुष्य सर्वसाधारण आयुष्य जगतो आणि बहुधा त्याला स्वतःलाही हे ठाऊक नसते. दोघांकडूनही सदोष सूचना आली, तर मुलाला थॅलेसेमिया मेजर होतो. सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात मूल फिके पडते, त्याची वाढ खुंटते, पोट फुगते. म्हणजे या आजारात पित्याचा वाटा मातेइतकाच असतो. तरीही सुनेला पांढऱ्या पायाची म्हटले जाते, मुलाला दुसऱ्या लग्नाचा सल्ला दिला जातो. हा उघड अन्याय आहे आणि त्याचा जाब अल्लाहसमोर द्यावा लागेल.

काही जण याला कुणाच्या तरी पापाची शिक्षा समजतात. कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, ही कुरआनची स्पष्ट शिकवण आहे. मग पाळण्यातील निष्पाप लेकरू कुणाचे पाप भोगणार? हिजरी सन 10 मध्ये प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहिम यांचे निधन झाले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, हे त्या मृत्यूमुळे घडले. दुःखाने डोळे भरलेले असतानाही प्रेषितांनी (स.) हा समज खोडून काढला आणि सांगितले की, कुणाच्या मरणाने वा जगण्याने ग्रहण लागत नसते. अश्रू ढाळणे ईमानाच्या विरुद्ध नाही. दुःखाला भ्रामक कारण चिकटविणे मात्र इस्लामला मान्य नाही.

दुसरा गैरसमज तवक्कुलविषयीचा आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबू काय, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांध आणि मग विसंब, अशी शिकवण दिली. या आजारात उंट बांधणे म्हणजे काय, हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे. मेजर असलेल्या मुलाला साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. मूल खेळते-हसते आहे म्हणून तारीख पुढे ढकलू नये. वारंवार दिलेल्या रक्तातील लोह शरीरात साठते आणि हृदय, यकृत व वाढीच्या ग्रंथींना इजा पोहोचविते. ते बाहेर काढणारे औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित द्यावे. त्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते बंद करू नये. आणि ‘रक्त कमी आहे’ एवढे ऐकून आजी-आजोबांनी प्रेमापोटी लोहाचे टॉनिक पाजू नये. ते या मुलाला अपायकारक आहे. दुआ अवश्य करावी, परंतु तावीज हा रक्ताच्या पिशवीला पर्याय नाही.

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणाहून दर तीन आठवड्यांनी मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचे, म्हणजे मजुरी बुडते आणि घरची इतर मुले शेजाऱ्यांकडे राहतात. ही माता अल्लाहच्या ठेवीची राखण करीत असते. तिला सब्र करण्याचा उपदेश करणाऱ्यांनी प्रवासखर्चाचा, सोबतीचा आणि रक्ताचाही विचार करावा. एक जीव वाचविणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला वाचविणे, हे कुरआनने शिकविले आहे. आपल्याकडे ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिरे होतात, ही आनंदाची बाब आहे. मात्र साठविलेले रक्त 35 ते 42 दिवसच टिकते आणि या मुलाला ते वर्षभर लागते. निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी रक्तदान करू शकतो. प्रत्येक मशिदीने रक्तदात्यांची यादी करून त्यांच्या पाळ्या ठरवाव्यात आणि रमजानमध्ये इफ्तारनंतर रक्त देण्याची सोय करावी. राज्यात या रुग्णांना रक्त मोफत देण्याचे धोरण आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. याची माहिती गरजू घरापर्यंत पोहोचविणे हीदेखील सेवाच आहे.

शेवटी विवाहाविषयी. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मेजरची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब चुकीचा आहे. शक्यता प्रत्येक वेळी तेवढीच राहते. अशा दांपत्याने पुढील अपत्यापूर्वीच डॉक्टर व जाणकार आलिम या दोघांचा सल्ला घ्यावा. चुलत-मामे नात्यातील विवाह शरीअतने वैध ठेवला आहे, अनिवार्य केलेला नाही. एकाच खानदानात दोघेही वाहक असण्याचा संभव अधिक असतो. म्हणून रिश्त्याची बोलणी करण्यापूर्वी मुलगा व मुलगी या दोघांचीही रक्ततपासणी करावी. ती एकट्या मुलीची करणे न्यायाचे नाही. इराणने 1997 मध्ये आणि सौदी अरबने 2004 मध्ये विवाहपूर्व तपासणी सक्तीची केली. वाहक असणे हे व्यंग नव्हे. दोघांपैकी एक वाहक नसेल, तर मूल मेजर होत नाही. मात्र ठाऊक असूनही निकाहाच्या वेळी ते लपविणे हा धोका आहे.

हे अल्लाह! आजारी लेकरांना आरोग्य दे, त्यांच्या मातापित्यांना धैर्य आणि ज्ञान दे. निर्दोषावर दोष ठेवण्यापासून आमच्या जिभांना वाचव आणि आमच्या रक्ताला कुणाच्या तरी जगण्याचे निमित्त कर. आमीन.