शिंपला आणि रुपे: स्मरणरंजनाच्या नैतिकतेचा प्रश्न

१

‘नॉस्टॅल्जिया’ या संज्ञेसाठी मराठीत दोन पर्याय रूढ आहेत: ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’. समीक्षेत ते बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात; परंतु त्यांच्या घडणीतील भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. मूळ संज्ञा योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून घडविली. घरापासून दूर राहणाऱ्यांना जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. ‘गतकातरता’ या शब्दात त्या वेदनेचा अंश टिकून आहे. ‘स्मरणरंजना’त मात्र वेदनाही नाही आणि घरही नाही. ‘रंज्’ या धातूचे रंगणे आणि आनंदणे असे दोन्ही अर्थ होतात. स्मरणात मन रमते आणि रमता रमता स्मरणाचा विषय रंगविला जातो, अशी दुहेरी क्रिया या एका शब्दाने सूचित होते.

गेल्या दोन-तीन दशकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जनप्रिय संस्कृती आणि त्या काळातील वस्तूंची घडण यांविषयीचे आकर्षण आपल्याकडे विलक्षण वाढले आहे. जुने रेडिओ, इराणी हॉटेलातील वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, हाताने रंगविलेली चित्रपटांची पोस्टरे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे या साऱ्यांना एक नवे मूल्य प्राप्त झाले आहे. या आकर्षणाची समाजशास्त्रीय कारणमीमांसा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या काळातील वस्तूंच्या सौंदर्यात रमणे हे त्या काळात ज्यांनी सोसले त्यांच्यावर अन्याय करणारे असू शकते काय? आणि असू शकत असेल, तर तो दोष नेमका कोठे असतो: आनंदात, स्मृतीत, की आणखी कशात?

२

प्रथम एका वस्तूचा विचार करू. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने ‘कारवाँ’ नावाचे उपकरण बाजारात आणले. त्याचे बाह्यरूप जुन्या ट्रान्झिस्टरचे. आत मात्र आधीच भरून ठेवलेली पाच हजार हिंदी गाणी. ज्या श्रवणाची आठवण ते जागवते त्याचा इतिहास असा: १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षी तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज घरोघर पोहोचला. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला एका अर्थी माघार घ्यावी लागली. त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजारच्या दारात किंवा हॉटेलच्या पायरीवर उभे राहून ऐकत. बुधवारच्या कार्यक्रमासाठी आठवडाभर थांबावे लागे.

म्हणजे त्या श्रवणाच्या घडणीत शासकीय नियंत्रण, टंचाई, परावलंबन आणि प्रतीक्षा यांचा अविभाज्य वाटा होता. ‘कारवाँ’मध्ये यांपैकी काहीही नाही. जे आहे ते एका काळाचे बाह्यरूप. फ्रेडरिक जेमसन यांनी १९९१ च्या आपल्या उत्तर-आधुनिकतेवरील ग्रंथात, भूतकाळ इतिहास म्हणून हाती न येता केवळ शैली म्हणून हाती येतो, असे जे निदान केले होते त्याचे हे उत्तम उदाहरण ठरेल. परंतु हे निदान नैतिक प्रश्नापर्यंत पोहोचत नाही. शैली हाती येणे हा दोष का मानावा, हे त्यातून स्पष्ट होत नाही.

येथे आपल्या परंपरेतील एक विश्लेषण अधिक उपयोगी पडते. शिंपल्याच्या ठिकाणी ‘हे रुपे आहे’ असा जो भ्रम होतो, त्याची प्राभाकर मीमांसकांनी केलेली उपपत्ती सर्वपरिचित आहे. त्यांच्या मते येथे खोटे असे एकही ज्ञान नसते. ‘हे’ प्रत्यक्ष असते आणि ‘रुपे’ ही स्मृती असते. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष. दोष एवढाच की त्यांतील भेदाचे ग्रहण झालेले नसते. स्मृतीतून तिचे ‘ते’पण, परिभाषेत बोलायचे तर ‘तत्ता’, हरपलेली असते. यालाच स्मृतिप्रमोष म्हणतात.

स्मरणरंजनाची रचना तंतोतंत अशी आहे. समोरची वस्तू सुंदर आहे हे खरे. एखादी संध्याकाळ त्या गाण्यांनी सुखाची झाली होती हेही खरे. म्हणूनच ‘त्या काळी परिस्थिती फार वाईट होती’ असे तथ्य पुढे करून स्मरणरंजनाचे खंडन होत नाही. ज्याचे खंडन करावे असे विधान तेथे नसतेच. ‘ते दिवस’ म्हणताना मराठी माणूस ‘ते’ हे सर्वनाम आवर्जून उच्चारतो खरा, पण वस्तुरूप स्मरणरंजन ‘ते’ पुसून त्या जागी ‘हे’ ठेवते.

या उपपत्तीचा दुसरा भाग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. प्राभाकरांच्या मते भ्रमाचे भ्रमत्व उघड होते ते प्रवृत्तीत, म्हणजे रुपे उचलायला हात पुढे होतो तेव्हा. व्यवहार फसतो आणि मग भेद कळतो. स्मरणरंजनही जोवर केवळ आस्वाद असते तोवर त्यात नैतिक दोष शोधण्याचे कारण नाही. काय जपावे, काय पाडावे, कोणता काळ आदर्श मानून आजची व्यवस्था लावावी, असे निर्णय जेव्हा त्यावर आधारले जातात, तेव्हा ज्ञानाच्या पातळीवरील अग्रहण नीतीच्या क्षेत्रात प्रवेश करते.

३

आणखी एक गुंतागुंत लक्षात घ्यावी लागेल. ज्या वस्तूंना आपण त्या काळाचे अवशेष समजतो त्या बहुतांशी त्या काळाची स्वप्ने होती. दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांच्या चित्रांचे उदाहरण घेऊ. मडगावहून मुंबईस आलेल्या या चित्रकाराने १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि पुढे अडीच दशके मराठी पुस्तकांच्या आणि अंकांच्या मुखपृष्ठांची अभिरुची घडविली. त्यांच्या चित्रांतील डौलदार, प्रसन्न स्त्री त्या काळातील स्वयंपाकघरातल्या धुरात फारशी दिसत नसणार. दलालांचे यश यातच आहे की त्यांनी वास्तवाची नोंद केली नाही, तर एका वर्गाच्या आकांक्षेला रेषा आणि रंग दिले. आज त्या मुखपृष्ठांकडे पाहून ‘तो काळच सुंदर होता’ असे म्हणणारा रसिक त्या काळाने स्वतःविषयी पाहिलेले स्वप्न वास्तव म्हणून आठवत असतो. जाहिराती, चित्रपट, दिनदर्शिका यांनाही हे लागू पडते. जनप्रिय संस्कृतीची सामग्री जन्मतःच रंजित असते. स्मरण तिला दुसऱ्यांदा रंगविते.

हा आक्षेप केवळ दृश्यकलेपुरता नाही. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची. तिच्या अखेरच्या चिंतनात विनोद मागे सरतो आणि हरवलेल्या चाळीविषयीची हळहळ पुढे येते. म्हणजे ज्या काळासाठी आज आपण हळहळतो, त्या काळातच आधीच्या चाळीसाठी हळहळणे चालू होते. सुवर्णकाळ नेहमी एक पिढी मागे असतो, या निरीक्षणाला यापेक्षा चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

४

आता ‘कोणाचे स्मरण’ हा प्रश्न. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मुंबई, कावाखान्यातील ती वस्ती, ही पुलंच्या चाळीपासून भौगोलिकदृष्ट्या फार दूर नाही. दोन्ही ठिकाणी दाटीवाटी आहे, भांडणे आहेत, एकमेकांच्या आयुष्यात डोकावणे आहे. एका ठिकाणी ही दाटी आत्मीयतेचे रूप घेते आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्यातून सुटण्याला मार्ग नसतो. यांतील एक संहिता खरी आणि दुसरी खोटी असे ठरविण्याचे कारण नाही. अडचण तेव्हा उद्भवते, जेव्हा पहिल्या संहितेतील ‘आपण’ हे सर्वनाम दुसऱ्या संहितेतील माणसांनाही गुपचूप सामावून घेते आणि ‘आपली जुनी मुंबई’ असा एक अविभक्त कर्ता तयार होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली तेव्हा उमटलेली हळहळ मनःपूर्वक होती. परंतु ती प्रामुख्याने मागच्या आसनावर बसणाऱ्यांची होती. तापलेल्या इंजिनामागे दिवसभर बसणाऱ्याचे स्मरण तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही.

याहून गंभीर उदाहरण गिरणगावचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपानंतर उद्योग सावरला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट उघडली, २००१ मधील बदलाने सार्वजनिक वापरासाठी सोडावयाचा वाटा आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. त्या जमिनींवर आज जे उभे आहे त्यात जुन्या काळाच्या खुणा आवर्जून राखलेल्या दिसतात. फिनिक्स मिलच्या आवारातील मॉलमध्ये चिमणी अजून उभी आहे. उघड्या विटा आणि लोखंडी तुळया ही उपाहारगृहांच्या सजावटीची मान्य शैली झाली आहे. चिमणी जपली याबद्दल तक्रार असू नये. ती पाडली असती तर विस्मरण पूर्ण झाले असते. परंतु जेथे कामगार उरला नाही तेथे त्याच्या श्रमाचे बाह्यरूप सजावट म्हणून उरते, तेव्हा स्मरणाच्या नावाखाली विस्मरणच अधिक सोयीचे होते. हात रुप्याकडे गेलेला असतो आणि यावेळी फसगत हात पुढे करणाऱ्याची होत नाही, दुसऱ्याचीच होते. प्राभाकरांच्या उदाहरणापासून आपले उदाहरण येथे वेगळे होते, आणि नैतिक प्रश्नाचे मर्म या फरकातच आहे.

५

यावरून स्मरणरंजन ही अभिजनांची चैन आहे, ते सरसकट त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पुरोगामी समीक्षेने तो अनेकदा काढलाही आहे. तो स्वीकारता येत नाही, कारण तो वस्तुस्थितीला सोडून आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा जो मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला, त्यात कामगारांचे स्वतःचे आवाज आहेत. भोंग्यावर बांधलेला दिवस, खानावळी, कलापथके, संघटना यांच्याविषयीची त्यांची ओढ लपत नाही. ज्यांनी सोसले त्यांनाही त्या काळाची ओढ असते. बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाणारे कुटुंब स्वतंत्र शौचालयाचा आनंद मानते आणि गॅलरी गेल्याचे दुःखही करते. या दोन भावनांत विसंगती नाही. चाळ राहावी असे त्याला वाटत नाही. चाळीत जे शक्य होते ते इमारतीत अशक्य का व्हावे, असे त्याला वाटते.

लेखाच्या आरंभी नोंदविलेला भेद येथे उपयोगी ठरतो. या दुसऱ्या प्रकारच्या भावनेला ‘गतकातरता’ म्हणणे अधिक उचित होईल. तिच्यात ‘ते’ शाबूत असते. गेलेले गेले आहे हे ठाऊक असते, म्हणूनच ती कातर असते. आणि तिच्यात वर्तमानाकडे केलेली एक मागणी असते. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये पुनःस्थापनेची ओढ आणि चिंतनशील ओढ असा जो भेद केला, त्याच्याशी याचे साम्य आहे. परंतु चिंतनशीलता ही मनोवृत्ती झाली. स्वतःला चिंतनशील समजणे कोणालाही कठीण नसते. मागणी कोणाच्या वतीने केली जाते आणि तिची किंमत कोण मोजतो, ही कसोटी अधिक कठोर आहे.

६

शेवटी, ज्यांनी तो काळ अनुभवलाच नाही त्यांच्या ओढीचे काय? अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६ मध्ये स्मृतीविना असलेल्या या ओढीची चर्चा केली आणि तिचा संबंध उपभोगाच्या व्यवहाराशी जोडला. आजच्या विद्यार्थ्यांना ट्रान्झिस्टरचा आकार आवडतो, तेव्हा ते कशाचे स्मरण करीत असतात?

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत अकारण व्याकुळ होतो आणि ही कशाची तरी नकळत जागी झालेली आठवण असावी असे त्याला वाटते. अभिनवगुप्त म्हणतात की ही स्मृती तार्किकांना अभिप्रेत असलेली स्मृती नव्हे, कारण तिचा विषय पूर्वी अनुभवलेलाच नाही. सौंदर्यानुभवाच्या विवेचनात या स्थळाला त्यांनी दिलेले महत्त्व यथायोग्य आहे. अनुभवाविना ओढ संभवते आणि ती अस्सल असू शकते.

मात्र रसचर्चेत या स्थळाचा पुढचा भाग सहसा बाजूला राहतो. दुष्यंत ज्या क्षणी या सुंदर, निर्विषय हुरहुरीत असतो त्याच क्षणी शकुंतलेला तो विसरलेला असतो. थोड्याच वेळात ती दरबारात येते आणि तो तिला ओळखण्यास नकार देतो. हळुवार ओढ आणि अन्यायकारक विस्मरण एकाच मनात, एकाच वेळी, एकमेकांना जराही न अडवता नांदू शकतात, हे कालिदासाने येथे दाखविले आहे. दुष्यंताजवळ शापाचे निमित्त आहे. आपल्याजवळ तसे काही नाही. संपाचे इतिहास, आत्मकथने, मौखिक साधने ही सारी हाताशी आहेत.

तेव्हा जुन्या मुखपृष्ठावर किंवा रेडिओच्या आकारावर लुब्ध होणे यात अपराध नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो दारात येऊन उभा राहिला असता त्याला ओळखण्याची क्षमता त्या लुब्धतेने बोथट होते किंवा कसे, हे पाहणे आवश्यक आहे. साहित्याच्या अध्यापनापुरता याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘बलुतं’ ही पुस्तके आपण विनोद आणि दलित आत्मकथन अशा दोन वेगळ्या कप्प्यांत शिकवितो. ती एकाच शहराची, एकाच अर्धशतकाची स्मृती म्हणून शेजारी ठेवून वाचली, तर पहिल्यातील हसू कमी होणार नाही. ते कोणाच्या घरातून ऐकू येते आहे, हे मात्र कळेल.