मलाच का विचारत नाहीत?



आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कमी ऐकू येणारा एक मुलगा होता. तो गोंधळू नये म्हणून मी त्याला पहिल्या बाकावर बसवत असे आणि प्रश्न मात्र कधीच विचारत नसे. आपण त्याला सांभाळून घेतो, असे मला वाटे. एके दिवशी त्याची आई म्हणाली, ‘‘फादर, तो घरी विचारतो, सगळ्यांना प्रश्न विचारतात, मग मलाच का नाही?’’ मी निरुत्तर झालो.

2016 च्या कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या दिव्यांग मुलांना, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असल्यास, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेचे दार उघडले, हे चांगलेच झाले. पण आत आलेल्या मुलाला तिथे कसे वाटते?

हेलन केलर यांना दिसत नव्हते, ऐकूही येत नव्हते. तरी 1904 साली त्या अमेरिकेतील रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या. हे यश आपण मुलांना कौतुकाने सांगतो. परंतु 1903 सालच्या आत्मचरित्रात त्यांनी हेही लिहिले आहे की, वर्गात आपण जवळजवळ एकट्याच असतो. व्याख्यानाचे शब्द बोटांच्या खुणांनी त्यांच्या हातात उमटत. प्राध्यापक मात्र फार दूर वाटत.

तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी 1923 साली ‘मी-तू’ आणि ‘मी-ते’ अशी दोन नाती सांगितली. ज्याच्याशी आपण बोलतो तो ‘तू’. ज्याची नुसती व्यवस्था लावतो ते ‘ते’. मला वाटते, आपली दयाही माणसाचे ‘ते’ करून टाकू शकते.

कोणी म्हणेल, अशा मुलांना विशेष शाळाच बरी. काहींना ती खरोखर बरी वाटते. खुणांच्या भाषेत गप्पा मारणारे मित्र तिथे भेटतात. काहींना मात्र शेजारच्या मुलांबरोबर एकाच रिक्षातून शाळेत जायचे असते. त्या मुलाला न विचारता आपण कसे ठरवणार? यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाला काय हवे, हे उघड दिसत होते. तरीही येशूने आधी त्यालाच विचारले.

पुढच्या रविवारी मी फळ्याकडे तोंड करून बोलणे सोडले आणि त्या मुलाला प्रश्न विचारला. त्याचे उत्तर चुकले. इतरांच्या चुकीला हसतात तशीच मुले हसली. तोही हसला. वर्षभर पहिल्या बाकावर बसलेला तो मुलगा त्या दिवशी वर्गात आला.

आपला,
फादर